दर अर्ध्या मिनिटाला एक फोटो

आमच्या वन्सं, म्हणजे माझ्या नवऱ्याची थोरली बहीण, घरोघरी जाऊन लोकांचे कॉम्प्युटर नीट करून द्यायच्या. त्याआधी एकोणीस वर्षं त्या एका कंपनीत कानाला फोन लावून बसल्या. लोक फोनवर चिडायचे, रडकुंडीला यायचे, आणि वन्सं समोरचा पडदा न बघता त्याला काय झालंय ते सांगायच्या. त्या म्हणायच्या, "आवाजावरून कळतं. 'मी काहीच केलं नाही' असं जो आधी सांगतो, त्याने हमखास काहीतरी उडवलेलं असतं." पुढे कंपनीने ते काम ध्वनिमुद्रित आवाजाकडे सोपवलं आणि वन्सं खांद्याला बॅग लावून बाहेर पडल्या.

त्यांच्या वहीत गिऱ्हाइकांची नावं नसायची, दुखणी असायची. एक होते प्रिंटर आजोबा. त्यांनी तीनदा तातडीने बोलावलं आणि तिन्ही वेळा ट्रेमध्ये कागद नव्हता. एक पासवर्डकाकू होत्या. त्या पासवर्ड भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहायच्या आणि वर्ष संपलं की कॅलेंडर रद्दीत घालायच्या. वन्संचं पहिलं औषध ठरलेलं: यंत्र बंद करायचं, दहा आकडे मोजायचे, चालू करायचं. निम्मी दुखणी तेवढ्यावर बरी व्हायची. उरलेल्या निम्म्यांसाठी त्या शांतपणे खुर्ची ओढून बसायच्या.

चार वर्षं संसार करून त्या माहेरी परत आल्या होत्या. का, ते आमच्या घरात कुणी विचारलं नाही आणि त्यांनीही सांगितलं नाही.

ज्या घराची ही गोष्ट, तिथून पहिला फोन नवऱ्याचा आला. आवाज मऊ, बोलणं अदबीचं. "घरचा कॉम्प्युटर फार संथ झालाय. मिसेस त्यावर काम करतात, त्यांची अडचण होते. तुम्ही स्वतः येता ना? दुपारी त्या एकट्या असतात, बाईमाणूस आलेलं बरं." वन्संनी वहीत लिहिलं, 'संथ कॉम्प्युटर', आणि त्या घरातल्या बाईंचं नाव आपोआप संथबाई पडलं. प्रत्यक्षात ती बाई जराही संथ नव्हती. ती घरबसल्या शाळेच्या पुस्तकांची प्रुफं तपासायची. पन्नास पानांत दोन ठिकाणी चुकलेली वेलांटी तिला लांबून दिसायची, आणि बोलायची इतकी भरभर की वन्संना दोनदा विचारावं लागे.

तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या. बैठकीच्या कोपऱ्यात टेबल, टेबलाखाली घरघरणारा डबा. पंखा असा फिरत होता जसं यंत्राला ताप आलाय. वन्संनी बघितलं तर डिस्क काठोकाठ भरली होती, लाल पट्टी शेवटाला टेकलेली. पुस्तकांची प्रुफं तपासून पाचशे जीबी भरत नाहीत. त्यांनी चालू असलेल्या प्रोग्रामांची यादी उघडली. यंत्राच्या स्वतःच्या एका प्रोग्रामचं नाव तिथे दोनदा होतं, आणि दुसऱ्यांदा त्यात एक अक्षर जास्त होतं.

"व्हायरस दिसतोय," वन्सं म्हणाल्या. त्यांनी आपल्याजवळचं तपासणीचं साधन लावलं, ते नाव लाल झालं, आणि त्यांनी ते काढून टाकलं. मग तो प्रोग्राम इतकी जागा कशाने खात होता ते बघावं म्हणून त्याचं लपवलेलं फोल्डर उघडलं.

आत तारखांचे कप्पे होते. प्रत्येक कप्प्यात आठ-नऊशे फोटो. दर अर्ध्या मिनिटाला पडद्याचा एक फोटो. सोबत एक साधी फाइल, तिच्यात त्या दिवशी कीबोर्डवर टाइप केलेलं अक्षर न् अक्षर. वन्संनी एक फोटो उघडला. एका मैत्रिणीला अर्धवट लिहिलेलं पत्र होतं. त्यांनी लगेच बंद केलं, पण खुर्चीमागे उभ्या असलेल्या संथबाईने वाचलं होतं.

"हे माझं पत्र आहे," ती म्हणाली. "हे इथे कसं?"

वन्संनी सांगून टाकलं. एकोणीस वर्षं त्यांनी लोकांना खरं काय झालंय तेच सांगितलं होतं, दुसरं काही त्यांना येतही नव्हतं. "हा व्हायरस नाही. कुणीतरी मुद्दाम बसवलाय. तुम्ही काय लिहिता, काय वाचता, ते सगळं जमा करतो."

"कधीपासून?"

वन्संनी सगळ्यात जुना कप्पा बघितला. "दोन वर्षं चार महिने."

बाई पलंगाच्या काठावर बसली. मग म्हणाली, "मला वाटायचं, माझ्याच चेहऱ्यावर सगळं दिसतं. मनात आलं की याला कळलेलं असायचं. कुणाकडे जाणार, कुणाशी बोलले. मी स्वतःलाच दोष द्यायचे, म्हणायचे, माझ्या पोटात काही राहत नाही."

"काढून टाकलाय मी," वन्सं म्हणाल्या.

तशी ती ताडकन उठली. "परत घाला. आत्ताच्या आत्ता. तो रोज संध्याकाळी इथे बसतो. नाही दिसलं तर त्याला कळेल की मला कळलंय."

तिने बाही कोपरापर्यंत वर केली आणि लगेच खाली केली. काढलेला प्रोग्राम त्यांनी जिथल्या तिथे बसवला, शेवटच्या तासाभराचे फोटो पुसले, आणि जागा व्हावी म्हणून नवऱ्याने उतरवून ठेवलेले जुने सिनेमे एका वेगळ्या डिस्कवर हलवले. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी एक दुखणं बरं करून पुन्हा लावून दिलं होतं.

संध्याकाळी नवऱ्याचा फोन आला. "छान चालतोय हो आता. काय सापडलं?"

"कचरा होता, साहेब," वन्सं म्हणाल्या. "कचराच होता."

तिथून पुढचे चार महिने त्या घरातला कॉम्प्युटर सारखा बिघडू लागला. कसा बिघडवायचा ते वन्संनीच शिकवलं होतं. एकदा पडदा उलटा व्हायचा, सगळी अक्षरं डोक्यावर उभी. एकदा घड्याळातली तारीख पाच वर्षं मागे जायची आणि एकही वेबसाइट उघडायची नाही. एकदा कीबोर्डची वायर अशी अर्धी निघायची की बघणाऱ्याला ती लागलेलीच वाटावी. नवरा तासभर खटपट करायचा, त्याला राग यायचा, आणि शेवटी तोच म्हणायचा, "बोलाव त्या बाईला." वन्सं जायच्या. पाच मिनिटांचं काम आणि अर्ध्या तासाचं बोलणं. यंत्राला कान नव्हते, फक्त डोळे होते, हे त्यांनी नीट तपासून घेतलं होतं. बाई हाताने कागदावर लिहून ठेवायची, वन्सं तो कागद घरी आणून आपल्या कॉम्प्युटरवरून, आपल्या पत्त्यावरून मेल पाठवायच्या. दुसऱ्या शहरातल्या एका प्रकाशकाला पूर्ण वेळ प्रुफं तपासणारं माणूस हवं होतं. त्याने नमुना मागवला, मग फोनवर मुलाखत घेतली, तीही वन्संच्या फोनवरून. शेवटी त्याचं उत्तर आलं: एक तारखेपासून रुजू व्हा, तुमची आणि मुलीची राहायची सोय करतो.

मुलगी दहा वर्षांची होती. वन्सं असताना ती कधीकधी शाळेतून यायची, दप्तर ठेवायची आणि आईकडे बघत राहायची. तिला काही सांगितलेलं नव्हतं. पण पोरांना घरातली हवा कळते.

वन्संचा एक नियम होता, तो त्यांनी आमच्या घरात सगळ्यांना शिकवला होता: दुसऱ्याच्या कॉम्प्युटरवर आपला मेल उघडायचा नाही. काय वाटेल ते झालं तरी नाही.

एक तारखेला आठ दिवस होते. त्या दिवशी त्या घरचा प्रिंटर खरोखरच बंद पडला. वन्सं गेल्या, पण बॅगेचा पट्टा तुटल्यामुळे त्यांनी स्वतःचा लॅपटॉप घरी ठेवला होता. प्रिंटरचा हरवलेला प्रोग्राम त्यांनी मागे कधीतरी स्वतःलाच मेल करून ठेवला होता. बाई स्वयंपाकघरात होती. कुठले कपडे आधी न्यायचे, मुलीचे शाळेचे कागद कसे काढायचे, असं तिथूनच विचारत होती. वन्सं उत्तरं देत होत्या आणि हात त्यांच्या सवयीने चालत होते. मेल उघडला, फाइल उतरवली, प्रिंटर सुरू झाला, चाचणीचं पान बाहेर आलं. सगळं मिळून चार मिनिटं.

बसथांब्यावर उभ्या राहिल्यावर त्यांच्या लक्षात आलं. चार मिनिटं म्हणजे आठ फोटो. मेलच्या यादीत वरून तिसऱ्या ओळीत प्रकाशकाचं नाव होतं आणि त्यापुढे विषय: 'एक तारखेपासून रुजू होण्याबाबत, आई व मुलीची निवास व्यवस्था'.

आठ फोटो पुसायला एक मिनिट पुरलं असतं. त्या मागे वळल्या. तेवढ्यात त्या घराच्या फाटकातून नवऱ्याची स्कूटर आत शिरताना दिसली. त्या दिवशी तो लवकर आला होता. वन्सं तिथेच उभ्या राहिल्या. काहीतरी विसरलं म्हणून वर जाता आलं असतं. चाचणी राहिली होती म्हणून खुर्चीत बसता आलं असतं. दिवसाला नऊशे फोटो, तो काय एकेक बघत बसणार आहे, असं त्यांनी स्वतःला सांगितलं.

"मग बस आली," त्यांनी मला सांगितलं. "बस आली म्हणून मी चढले."

चार दिवस त्या घरातून फोन आला नाही. पाचव्या दिवशी वन्सं स्वतः गेल्या. दार नवऱ्याने उघडलं. आत मुलगी जमिनीवर बसून मान खाली घालून लिहीत होती. बाई दिसली नाही. कोपऱ्यातलं टेबल रिकामं होतं, मागच्या भिंतीवर धुळीची चौकट तेवढी उरली होती.

"कॉम्प्युटर आता लागत नाही," तो त्याच मऊ आवाजात म्हणाला. "मिसेसनी काम सोडलंय. आणि एक सांगू का, राग मानू नका. तुमचा मेल फार अस्ताव्यस्त असतो. जुनं काढून टाकत जावं माणसाने."

त्याने दार हळूच लावलं.

वन्सं पोलिसांत गेल्या. एक पोलीस बाई त्यांच्याबरोबर त्या घरी आल्या. संथबाई दारात आली, डोक्यावरून घेतलेली शाल हाताने गळ्याशी घट्ट धरून. "माझी काही तक्रार नाही," ती म्हणाली. भरभर बोलणारी बाई, पण हे वाक्य तिने सावकाश, एकेक शब्द सुटा करून म्हटलं. तिने वन्संकडे बघितलं नाही. तक्रारच नाही म्हटल्यावर पोलीस तरी काय करणार. जाताना पोलीस बाई वन्संना म्हणाल्या, "तुम्ही यात कोण, ताई?"

त्यानंतर त्या भागात कुणीतरी बोलायला सुरुवात केली की ही बाई दुरुस्तीच्या निमित्ताने लोकांच्या फाइली वाचते. कोण बोलत होतं ते उघड होतं. वहीतली दुखणी एकेक करून बंद झाली. पासवर्डकाकूंनीसुद्धा भाच्याला बोलावलं. वन्सं एका दवाखान्यात नोंदणीच्या खिडकीवर बसू लागल्या. आम्ही विचारलं तर म्हणायच्या, फिरून पाय दुखतात आता. आम्ही मान डोलावली. मला खरं म्हणजे तेव्हाच खोदून विचारायला हवं होतं. जेवताना त्या ताटाकडे बघत बसायच्या आणि भात निवून जायचा.

चौदा महिन्यांनी त्यांना एका अनोळखी नंबरवरून फोन आला. दुपारची वेळ, खिडकीबाहेर रांग. आवाज त्यांनी पहिल्या शब्दाला ओळखला.

"मी निघाले तिथून. तीन आठवडे झाले," संथबाई म्हणाली. "बायकांच्या वसतिगृहात आहे. तुम्हाला एकच विचारायचंय. त्याला तुम्ही सांगितलं होतं का?"

"नाही," वन्सं म्हणाल्या.

"वाटलंच मला. म्हणजे पोरीनेच सांगितलं." ती जराही थांबली नाही. "तिने कपाटात लपवलेली, कपडे भरलेली पिशवी बघितली होती. तेव्हापासून मी तिच्याशी धड बोललेच नाही. आठ महिने तर अजिबात नाही. एकदा हात उचलला. निघताना तिला म्हटलंसुद्धा नाही, चल म्हणून. म्हटलं, बापाचीच आहे, राहू दे बापाकडे."

वन्सं मला म्हणाल्या, त्या क्षणी गप्प बसणं फार सोपं होतं. तिने प्रश्न विचारला होता, त्याचं उत्तर खरंच 'नाही' होतं. खिडकीतून एक माणूस कागद पुढे सरकवत होता. त्यांनी त्याला हाताने थांबवलं आणि फोनवर सगळं सांगितलं. पट्टा, प्रिंटर, चार मिनिटं, तिसरी ओळ, बस.

तिने शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग फोन बंद झाला. वन्संनी परत लावला, तो उचलला गेला नाही.

त्या संध्याकाळी मी मटार सोलत बसले होते. वन्सं आल्या, समोर बसल्या, चार शेंगा हातात घेतल्या आणि सोलता सोलता पहिल्यापासून सगळं सांगितलं. रडल्या नाहीत. टोपलीतले मटार संपले तरी त्या रिकाम्या शेंगा उघडत राहिल्या.

"चौदा महिने तुम्हाला ठाऊक होतं," मी म्हटलं. मला मऊ बोलायला हवं होतं, पण तोंडून तसंच निघालं.

"ठाऊक होतं. ती मला शिव्या देत असेल असं वाटायचं. पोरीवर जाईल असं डोक्यातच आलं नाही."

"मग पोरीला जाऊन सांगा. आईला सांगून झालं."

दोन दिवसांनी आम्ही दोघी शाळेच्या फाटकाशी उभ्या राहिलो. वन्संची एकटीने जायची हिंमत नव्हती. शाळा सुटली. मुलगी ओळखू आली ती चालण्यावरून, आईसारखी भरभर चालत होती. वन्संना बघून ती थांबली. उंच झाली होती. केस तिने स्वतःच विंचरले असावेत, भांग वाकडा होता.

वन्सं तिच्याशी मोठ्या माणसाशी बोलावं तशा बोलल्या. "तुझ्या आईला वाटतं, तू बाबांना सांगितलंस. तू नाही सांगितलंस. माझ्या चुकीमुळे त्यांना कळलं. मी तुमच्या कॉम्प्युटरवर माझा मेल उघडला आणि त्याचा फोटो निघाला."

मुलीने ऐकून घेतलं. तिला आश्चर्य वाटलेलं दिसलं नाही. "मला माहीत आहे," ती म्हणाली. "बाबांनी मला बोलावून दाखवला होता तो फोटो. म्हणाले, बघ, तुझी आई तुला कुठे घेऊन चालली होती."

वन्सं माझ्याकडे वळल्या. मीच विचारलं, "मग आईला सांगायचं नाही का बाळा, की तू नव्हतंस सांगितलं?"

"आईने विचारलंच नाही," ती म्हणाली. "ती नुसती बोलायची बंद झाली." मग तिने रस्त्यापलीकडे बघितलं. "आत्या न्यायला येते. तुम्ही जा आता."

आम्ही निघालो. वाटेत वन्सं एकदाच बोलल्या. म्हणाल्या, "अकरा वर्षांची आहे ती." मुलीचं म्हणणं त्यांनी जसंच्या तसं त्या अनोळखी नंबरवर लिहून पाठवलं. उत्तर आलं नाही.

मुलीच्या ताब्याचं प्रकरण कोर्टात गेलं तेव्हा बाईच्या वकिलाने वन्संना बोलावलं. त्या प्रोग्रामबद्दल सांगणारं दुसरं कुणी नव्हतं, आणि कॉम्प्युटर तर केव्हाच भंगारात गेला होता. वन्संनी उभं राहून सगळं सांगितलं. नवऱ्याच्या वकिलाने विचारलं, "म्हणजे मालकाच्या परवानगीशिवाय तुम्ही त्याचं खासगी फोल्डर उघडलंत?" वन्सं म्हणाल्या, "हो." "आणि चार महिने त्याच्याशी खोटं बोललात?" "हो." "पुरावा काय आहे तुमच्याकडे?" "काही नाही." मागच्या बाकावर नवरा इस्त्रीच्या शर्टात मांडीवर हात ठेवून बसला होता. मध्येच त्याने मुलीच्या शाळेच्या वह्या काढून वकिलाकडे दिल्या. प्रत्येक पानावर पालकाची सही होती.

मुलगी बापाकडेच राहिली. आईला महिन्यातून एकदा दोन तास भेटायची परवानगी मिळाली, तीही आत्या समोर असताना. वकिलाने पुढे सांगितलं की पहिल्या भेटीत दोघी नुसत्याच बसून होत्या. दुसऱ्या भेटीला मुलगी गणिताचं पुस्तक घेऊन आली आणि दोन तास त्यांनी गणितं सोडवली.

निकालाच्या दिवशी वन्सं कोर्टाच्या पायऱ्यांवर बसल्या होत्या. मी शेजारी होते. संथबाई वकिलाबरोबर बाहेर आली, चार पायऱ्या उतरून पुढे गेली आणि मग परत वर आली. मला वाटलं, आता ही काय बोलते.

"पाणी आहे का तुमच्याकडे?" तिने विचारलं.

वन्संनी बॅगेतून बाटली काढून दिली. ती उभ्या उभ्याच प्यायली. अर्ध्याहून जास्त पाणी संपवलं, झाकण नीट फिरवून लावलं, बाटली परत दिली. मग वकिलाच्या मागे भरभर चालत गेली.